गल्लीचे नाव एक, धंदा दुसरा : काळबादेवी-भुलेश्वरची पायी ओळख

प्रतिनिधी, देवनार

व्हिएतनामची राजधानी हनोई येथे जाणारा पर्यटक पहिल्याच दिवशी जेथे हमखास पोहोचतो, तो भाग म्हणजे होआन किएम तलावाच्या उत्तरेकडील जुनी पेठ. 'छत्तीस गल्ल्या' या नावाने ती जगभर ओळखली जाते. तेथील बहुतेक गल्ल्यांच्या नावांची सुरुवात 'हांग' या शब्दाने होते. हांग म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग थिएक पत्र्याच्या वस्तूंची, हांग मा कागदी पूजासाहित्याची. एका गल्लीत एक धंदा, त्या धंद्याचे कारागीर, त्यांचे देऊळ आणि दुकानाच्या मागे-वर त्यांचे घर, अशी ही रचना आहे. पर्यटक नकाशा घेऊन गल्लीचे नाव वाचतो, आणि त्या नावाचा धंदा तेथे अजून आहे की नाही हे शोधत हिंडतो.

मुंबईकराला ही मौज अनुभवण्यासाठी पारपत्राची आवश्यकता नाही. अशीच, किंबहुना आकाराने व उलाढालीने मोठी पेठ त्याच्या शहरात आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून भुलेश्वरपर्यंत आणि मस्जिद बंदरपासून धोबीतलावापर्यंतचा हा पट्टा म्हणजे ब्रिटिश काळातील कागदपत्रांत 'नेटिव्ह टाउन' म्हणून नोंदलेली देशी मुंबई. पालिकेचा सी विभाग, ज्यात यातील मोठा भाग येतो, क्षेत्रफळाने दोन चौरस किलोमीटरही भरत नाही. तरीही लग्नाचा बस्ता, सोने, तांब्याची भांडी, पूजेचे साहित्य, विजेची उपकरणे, औषधे आणि लेखनसामग्री यांसाठी उपनगरांतील माणूस पिढ्यान्‌पिढ्या येथेच येत आला आहे. तो खरेदीला येतो, हातात पिशव्या घेऊन परत जातो; पाहायला मात्र क्वचितच येतो. हा भाग पाहायचा कसा, तेथे काय वाचायचे आणि तो पाहण्याची निकड आज का आहे, याची ही माहिती.

प्रवासाची सुरुवात लोकलपासून

देवनारच्या रहिवाशाला या पेठेत जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे गोवंडी स्थानक. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी हार्बर लोकल पकडावी आणि शेवटच्या स्थानकाआधी, मस्जिद येथे उतरावे. वाटेतील फलक वाचत गेल्यास विषयाची प्रस्तावना गाडीतच होते. शिवडीनंतर कॉटन ग्रीन लागते. एके काळी कापसाच्या गासड्या किल्ल्यातील मोकळ्या मैदानावर, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, पडलेल्या असत. तेथून हा बाजार १८४४ साली कुलाब्याला गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीला आला. येताना जुन्या मैदानाचे 'ग्रीन' हे नाव तो बरोबर घेऊन आला. आज स्थानकाच्या फलकावर कापूस आहे. पूर्वीचा बाजार नाही. धंदा उठतो आणि नाव राहते, हा या शहराचा जुना नियम होय.

या नियमाची दुसरी बाजू देवनारकरांच्या परिचयाची आहे. शहराला आपल्या दाराशी जे नको होते ते क्रमाक्रमाने पूर्वेकडे सरकत गेले. १९२७ पासून कचरा देवनारला येऊ लागला. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. त्यामुळे जुनी पेठ पाहणे हे देवनारच्या माणसाला परक्या गावचे पर्यटन नाही. आपल्या वस्तीची सुरुवात कोठून झाली, हे पाहण्याचा तो एक मार्ग आहे.

'मस्जिद' हे नाव कोणाचे?

मस्जिद स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडताच पहिला धक्का बसतो. स्थानकाला हे नाव एखाद्या मशिदीवरून मिळाले असावे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडले, असे मानले जाते. सॅम्युअल स्ट्रीटच्या परिसरात 'शार हारहमीम', अर्थात 'दयेचे द्वार', हे मुंबईतील सर्वांत जुने सिनेगॉग आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायली सेनाधिकाऱ्याने १७९६ साली ते बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याच्या कृतज्ञतेपोटी त्याने ही वास्तू उभारली. बेने इस्रायली हे कोकणातून आलेले, तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि घरात मराठी बोलणारे लोक. दिवे गावचा तो दिवेकर. येथील लोक या वास्तूला 'जुनी मशीद' म्हणत आणि मोहल्ल्याला इस्रायल मोहल्ला. समाजातील बहुतेक कुटुंबे उपनगरांत किंवा इस्रायलला गेली. रस्त्याच्या आणि स्थानकाच्या नावांत त्यांची खूण उरली आहे. आत जायचे असल्यास व्यवस्थापनाची पूर्वपरवानगी घ्यावी.

याच भागाला लागून मांडवी. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. गोदीतून उतरलेला माल येथे मोजला जाई आणि लगतच्या वखारींत भरला जाई. धान्याच्या याच वखारींच्या परिसरात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकाशिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. त्या साथीने मुंबईचा नकाशा बदलला. त्याविषयी पुढे येईलच.

मांडवी आणि दाणाबंदर येथील धान्य, मसाले व कांदा-बटाट्याचा घाऊक व्यापार १९८० आणि १९९० च्या दशकांत वाशीच्या बाजार समितीत हलविण्यात आला. लोखंडाचा बाजार कर्नाक बंदरहून कळंबोलीला गेला. सुकामेवा, मसाले आणि मिरची यांची किरकोळ व निमघाऊक दुकाने मात्र टिकून आहेत. मिरची गल्लीतून जाताना शिंक न आलेला पर्यटक अद्याप जन्माला यायचा आहे.

क्रॉफर्ड मार्केट : बाजाराचे दार

मोहम्मद अली मार्ग ओलांडून दक्षिणेकडे वळल्यावर महात्मा ज्योतिबा फुले मंडई, म्हणजेच क्रॉफर्ड मार्केट लागते. मुंबईचे पहिले पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६९ साली ही वास्तू पूर्ण झाली. आराखडा विल्यम इमर्सन यांचा. प्रवेशद्वारांवरील शेतकरी-कष्टकऱ्यांची उठावशिल्पे जे. जे. कला विद्यालयातील शिक्षक जॉन लॉकवूड किपलिंग यांची. दाराशी क्षणभर थांबून मान वर करून ती पाहावीत. खालून लाखो लोक जातात. वर पाहणारे थोडे.

मार्च १९९६ पर्यंत शहराचा घाऊक फळबाजार येथे भरत असे. तो नवी मुंबईला गेल्यानंतर मंडईचा व्याप कमी झाला, पण पाटीवाले, फळांचे ढीग आणि परदेशी खाद्यवस्तूंची दुकाने आहेत. मंडईच्या दुरुस्तीचे व पुनर्विकासाचे काम टप्प्याटप्प्याने होत आल्याने काही गाळ्यांच्या जागा बदललेल्या आढळतील. समोरच १९०५ पासून चालत आलेले बादशहा कोल्ड्रिंक आहे. पुढील दोन तासांच्या चालण्यापूर्वी येथील फालुदा घेणे ही मुंबईची प्रथाच आहे.

हा सारा बाजार किल्ल्याबाहेर का वसला, याचे उत्तर एका आगीत आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी तटबंदीतील मुंबईला मोठी आग लागली आणि देशी व्यापाऱ्यांची दाट वस्ती जळाली. त्यानंतर सरकारने त्यांना मैदानापलीकडे वसण्यास प्रोत्साहन दिले. मुंबादेवी, पायधुनी, भुलेश्वर येथे आधीपासून असलेली वस्ती झपाट्याने वाढली. गुजराती, कच्छी, मारवाडी, बोहरा, मेमन, कोकणी मुसलमान, पाठारे प्रभू, सोनार, कासार, भंडारी असे नाना समाज आपापल्या गल्लीत स्थिरावले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि या गल्ल्यांतील पेढ्या श्रीमंत झाल्या.

शेख मेमन स्ट्रीट : कापड, तळ्यावरची मशीद आणि सोने

क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेकडे जाणारी शेख मेमन स्ट्रीट हा या फेरफटक्याचा कणा समजावा. प्रारंभी डाव्या हाताला मंगलदास मार्केट येते. सर मंगलदास नथुभाई यांच्या नावाचा हा छपराखालील कापडबाजार. आतील वाटा इतक्या अरुंद की दोन गिऱ्हाईके समोरासमोर आली तर एकाने दुकानात चढावे. पुढे मुळजी जेठा मार्केट हा घाऊक कापडाचा बाजार. पांढऱ्या गाद्या-तक्क्यांवर बसून ठाण उलगडण्याची जुनी पद्धत काही पेढ्यांवर अद्याप दिसते.

मधल्या चौकात जामा मशीद आहे. १८०२ साली बांधकाम पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. तळे बुजविले नाही. कमानींवर इमारत तोलून पाणी खाली तसेच ठेवले. त्या जिवंत झऱ्याच्या पाण्यात मासे आहेत आणि नमाजापूर्वी हातपाय धुण्यास त्याचाच उपयोग होतो. या मशिदीशी कोकणी मुसलमान समाजाचा जुना संबंध आहे. शुक्रवारच्या दुपारी येथे मोठी गर्दी असते. पाहण्यासाठी जाणाऱ्याने ती वेळ टाळावी.

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट. धोबीतलाव, कावसजी पटेल टँक, खारा कुवा, पायधुनी, मुंबादेवीचे तळे... या पेठेतील निम्मी नावे पाण्याची आहेत आणि जामा मशिदीखालचे तळे सोडल्यास पाणी जवळपास कोठेही दिसत नाही. पायधुनी म्हणजे पाय धुण्याची जागा. बेटांमधील खाडी ओलांडून आलेला माणूस येथे चिखलाचे पाय धुवून गावात शिरे. हिवताप आणि अस्वच्छता यांमुळे पुढे तळी बुजविली गेली. नावे बुजविता आली नाहीत.

कापड संपते तेथे सोने सुरू होते. झवेरी बाजारातील काही पेढ्या दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. त्रिभोवनदास भीमजी झवेरी ही पेढी १८६४ सालची. परंतु खरा झवेरी बाजार काचेच्या दालनांत नसून वरच्या माळ्यांवर आहे. अरुंद जिन्यांनी वर गेले की दहा बाय दहाच्या खोल्यांत भट्ट्या, ऐरण्या आणि मांडी घालून बसलेले कारागीर. त्यांत बंगालमधून आलेल्यांची संख्या मोठी आहे. अनेक जण तेथेच काम करतात, तेथेच जेवतात, तेथेच झोपतात. सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून हात धुतलेले पाणीही साठविले जाते. गल्लीतील धूळ झाडून, धुऊन, त्यातून सोने काढणाऱ्या माणसाला मराठीत झारेकरी असा स्वतंत्र शब्द आहे. ज्या धंद्याच्या धुळीवर दुसरा धंदा उभा राहतो, त्या धंद्याची खोली यावरून कळावी.

याच बाजाराने १९९३, २००३ आणि २०११ साली बॉम्बस्फोट सोसले. २५ ऑगस्ट २००३ चा स्फोट मुंबादेवीलगत, तर १३ जुलै २०११ चा खाऊगल्लीत झाला. प्रत्येक वेळी थोड्याच दिवसांत दुकाने उघडली. परंतु त्यामुळे येथे अनोळखी माणसाने कॅमेरा बाहेर काढला की नजरा वळतात, हे ध्यानात ठेवावे. विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये.

मुंबादेवी आणि तांबा काटा

झवेरी बाजाराच्या टोकाशी मुंबादेवी. शहराला नाव देणारी ही देवी मूळ कोळ्यांची. तिचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते आणि अठराव्या शतकात ते येथे आले, असे सांगितले जाते. म्हणजे या गल्ल्यांत स्थलांतरित झालेल्यांत खुद्द ग्रामदेवताही आहे. देवळाभोवती हार, नारळ, चांदीच्या मूर्ती आणि पूजासाहित्याची दुकाने आहेत.

येथून पायधुनीच्या दिशेने गेले की तांबा काटा. काटा म्हणजे वजनाचा काटा. तांब्या-पितळेची भांडी येथे आजही वजनावर विकली जातात. घंगाळ, हंडे, कळशा, समया, पळी-पंचपात्र यांच्या राशी आणि ठोक्यांचा आवाज. हनोईच्या हांग थिएक गल्लीची आठवण येथे आल्याशिवाय राहत नाही. तेथेही पत्रा ठोकण्याचा आवाज पर्यटकाला आधी ऐकू येतो आणि गल्ली नंतर दिसते.

नाव आणि धंदा यांची फारकत

तांबा काटा व फूलगल्ली यांत नाव आणि धंदा एकत्र नांदतात. पण सर्वत्र तसे नाही. लोहार चाळीत आज विजेच्या तारा, बटणे आणि दिवे मिळतात. गुलालवाडीत नावात गुलाल आहे आणि दुकानांत धातूचे पत्रे व नळ्या. कुंभारटुकड्यात चाक फिरत नाही. भुलेश्वरच्या भोईवाड्यांत पालखी वाहणारे भोई नाहीत. तेथे खोट्या दागिन्यांची आणि बांगड्यांची दुकाने आहेत. हिऱ्यांचा व्यापार तर धनजी स्ट्रीटवरून ऑपेरा हाऊसला आणि २०१० साली तेथून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला.

प्रिन्सेस स्ट्रीटची, आताच्या शामलदास गांधी मार्गाची गोष्ट याहून वेगळी. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली 'सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट'ची स्थापना झाली. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने घरे पाडून रुंद रस्ते काढले. सॅण्डहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे त्यांपैकी प्रमुख. रोगराई हटविण्यासाठी काढलेल्या या रस्त्यावर पुढे मुंबईचा दवा बाजार भरला. रस्त्याच्या दुतर्फा एकसारख्या उंचीच्या इमारती पाहिल्या की हा भाग गल्ल्यांसारखा आपोआप वाढलेला नाही, हे सहज लक्षात येते. १९१६ साली सुरू झालेली पारसी डेअरी याच रस्त्यावर आहे.

काळबादेवी आणि भुलेश्वर

काळबादेवी रस्ता हा पेढ्यांचा, भोजनालयांचा आणि एके काळी नाट्यगृहांचाही रस्ता. भांगवाडीच्या प्रवेशद्वारावरील हत्ती गुजराती रंगभूमीच्या वैभवाची आठवण देतो. आत आता दुकाने आहेत. मराठी वाचकाने मात्र येथे कोलभाट गल्ली विचारून घ्यावी. जावजी दादाजी चौधरी यांचा निर्णयसागर छापखाना या गल्लीत होता. १८६९ साली स्थापन झालेल्या या छापखान्याचे टाईप आणि शुद्ध छपाई यांचा लौकिक देशाबाहेर गेला. संस्कृत ग्रंथांच्या निर्णयसागर प्रती आजही अभ्यासक प्रमाण मानतात, आणि त्या नावाचे पंचांग अनेक घरांत असते. ग्रंथाच्या पहिल्या पानावर छापलेला 'कोलभाट गल्ली' हा पत्ता प्रत्यक्ष पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

भुलेश्वर हा देवळांचा आणि गर्दीचा भाग. भुलेश्वराचे शिवालय, माधवबागेतील लक्ष्मीनारायण, फूलगल्लीतील झेंडू-शेवंतीचे ढीग आणि वेण्या गुंफणाऱ्या मावश्या. जवळच मुंबई पांजरापोळ आहे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून शहरात दंगल उसळली. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांनी १८३४ साली मुक्या प्राण्यांसाठी हे आश्रयस्थान उभारले. चहूबाजूंनी बाजार आणि मधोमध गोठा, हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला चकित करते. गाईंना चारा घालण्यासाठी येथे दिवसभर लोक येतात.

वेळ उरल्यास आणि पाय साथ देत असल्यास गिरगावातील खोताचीवाडी पाहून परतावे. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी लाकडी व्हरांड्यांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. एके काळी येथे ६५ बंगले होते. आता निम्म्याहून कमी उरले आहेत.

पेठेपुढील प्रश्न

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला युनेस्कोने २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना तो मिळाला. हे सारे या पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पेठ मात्र त्या सीमेबाहेर आहे. हनोईतही थांग लाँगच्या राजगढीला २०१० साली युनेस्कोचा दर्जा मिळाला, छत्तीस गल्ल्यांना नाही. परंतु तेथील सरकारने २००४ साली त्या पेठेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी काही गल्ल्या वाहनांना बंद केल्या जातात. काळबादेवीत हातगाडी, टेम्पो, दुचाकी आणि पादचारी यांना एकाच वाटेवरून जावे लागते.

इमारतींची स्थिती याहून चिंतेची. येथील बहुतेक इमारती १९४० पूर्वीच्या, पागडीच्या. भाडे नाममात्र असल्याने मालक दुरुस्ती करत नाही आणि जागा आपली नसल्याने भाडेकरूही मोठा खर्च करत नाही. अशा उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ नेमले, तेव्हा शहर बेटावर त्यांची संख्या १९,६४२ होती. दुरुस्तीचा वेग पडझडीच्या वेगाला गाठू शकला नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्युमुखी पडले. त्याआधी ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवासला लागलेल्या आगीत अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांना प्राण गमवावे लागले. अरुंद गल्ली, लाकडी जिने आणि माळ्यांवर भरलेला माल, या साऱ्याची किंमत त्या दिवशी त्यांनी मोजली. म्हणून जुने ते सारे जसेच्या तसे राहावे, असे येथील रहिवाशाला सांगण्याचा अधिकार पर्यटकाला नाही.

पुनर्विकासाची मोठी योजना शेजारच्या भेंडीबाजारात सुरू आहे. बोहरा समाजाच्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारतींच्या जागी उत्तुंग इमारती आणि रुंद रस्ते उभारण्याचे काम हाती घेतले. भुयारी मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतील काही इमारती पाडाव्या लागल्या. पुनर्विकासात पागडीच्या भाडेकरूला नवे घर मिळते; किमान तीनशे चौरस फुटांचा हक्क नियमांत आहे. पण माळ्यावर भट्टीशी बसणारा कारागीर बहुतेकदा भाडेकरूचाही भाडेकरू असतो. त्याच्या नावावर पावती नसते. इमारत पडली की त्याला पर्यायी जागा कोणी देत नाही. दागिने घडविण्याच्या धंद्यासाठी नवी मुंबईत महापे येथे स्वतंत्र उद्यान उभारण्याची योजना आहे. स्वच्छ हवा आणि सुरक्षित जागा कारागिरालाही हवी आहे; प्रश्न इतकाच की या स्थलांतरात त्याचे नाव यादीत असेल काय. तसे झाले नाही, तर झवेरी बाजार हे नाव आणि खालची झगमगती दालने राहतील, वरचा हातोडा थांबेल. लोहार चाळीत जे सावकाश घडले, ते येथे एका पिढीत घडेल.

फेरफटक्यासाठी सूचना

*कसे जावे :* हार्बर किंवा मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने मस्जिद. अथवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून पायी क्रॉफर्ड मार्केट. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो तीनचे काळबादेवी स्थानकही सुरू झाले आहे. ते जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर असल्याने मेट्रोने येणाऱ्याने फेरफटका भुलेश्वरकडून सुरू करावा. खासगी वाहन आणू नये.

*केव्हा जावे :* सोमवार ते शनिवार, सकाळी अकराच्या सुमारास. त्याआधी बरीच दुकाने उघडलेली नसतात. दुपारनंतर गर्दी वाढते. रविवारी मंगलदास मार्केट व झवेरी बाजारातील बहुतेक दुकाने बंद असतात, शिवाय हार्बर मार्गावर अनेकदा मेगाब्लॉक असतो. मात्र ज्यांना इमारतींचे सज्जे, लाकडी कठडे आणि कोरीव खांब निवांत पाहायचे आहेत, त्यांनी रविवारची सकाळच निवडावी. दिवाळीपूर्वीचा पंधरवडा पाहण्यासाठी टाळावा.

*क्रम :* मस्जिद स्थानक, सॅम्युअल स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट, जामा मशीद, झवेरी बाजार, मुंबादेवी, तांबा काटा, भुलेश्वर, पांजरापोळ, काळबादेवी रस्ता, प्रिन्सेस स्ट्रीट, धोबीतलाव. न थांबता हे अंतर दोन तासांत होते. थांबत गेल्यास अर्धा दिवस लागतो. शेवटी धोबीतलावाला १९०४ सालच्या कयानीत चहा आणि ब्रून-मस्का घ्यावा.

*काय पाळावे :* हमालाला आणि हातगाडीला आधी वाट द्यावी. त्यांच्या हाकेला 'बाजू' म्हणतात आणि ती विनंती नसते. प्रार्थनास्थळी डोके झाकणे, चपला काढणे हे रिवाज पाळावेत. माळ्यावरील कारखान्यात आमंत्रणाशिवाय शिरू नये. मौल्यवान वस्तू अंगावर मिरवू नयेत. शक्य असल्यास तांब्याचा एखादा गडू, फुलांची एक वेणी असे काहीतरी विकत घ्यावे. ही पेठ पाहणाऱ्यांवर नव्हे, गिऱ्हाईकांवर जगली आहे.

परतताना लोकलमध्ये पुन्हा कॉटन ग्रीनचा फलक येईल. गोवंडीला उतरून देवनारकडे चालू लागलेल्या माणसाला तो सकाळी जसा वाटला होता तसा वाटणार नाही.